जुन्या मोटारीचे कुलूप आणि कीलेस एंट्री : दोष कसा शोधावा, काय तपासावे

जुनी मोटार विकत घेताना ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, रंगावरून हात फिरवतो. दारांची कुलपे मात्र बहुधा शेवटी, तीही एकदाच उघडझाप करून पाहिली जातात. एखादे दार अडले तर ‘रिमोटचा सेल गेला असेल’ असे विकणारा सांगतो आणि व्यवहार पुढे सरकतो. प्रत्यक्षात कुलूप हा जुन्या गाडीचा बोलका भाग आहे. गाडीत कधी पाणी शिरले होते का, तिच्या किल्ल्या आणखी कोणाच्या हाती असू शकतात आणि प्रसंग ओढवला तर आतल्या माणसाला बाहेर पडता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे दारांपाशीच मिळतात. म्हणून कुलपाचा दोष हा किरकोळ दुरुस्तीचा विषय न मानता गाडीच्या परीक्षेचा भाग मानला पाहिजे.

अफझलगंज : नदीकाठचा बाजार

हैदराबादेतील अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझल उद्दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांच्यावरून पडले. मुशी नदीच्या काठावरील या भागात उस्मानिया रुग्णालय आहे, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि जवळच इमलीबन येथे महात्मा गांधी बसस्थानक आहे. नांदेड, लातूरकडून एसटीने येणारा मराठी प्रवासी याच परिसरात उतरतो. लगतच्या गौलीगुडा, पुतलीबावली आणि जामबाग या वस्त्यांत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून आहेत. जुन्या गाडीच्या दाराचे लॉक, मूठ किंवा काचेची मोटार शोधत फिरणाऱ्याला हा परिसर परिचयाचा असतो.

या भागाला पुराचाही इतिहास आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला आलेल्या महापुराने अफझलगंज आणि परिसराची अपरिमित हानी केली. त्यानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. तरीही ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत शहरातील अनेक वस्त्यांत मोटारी पाण्याखाली गेल्या आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मुशीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. पाणी ओसरते, गाड्या धुतल्या जातात आणि त्यांतील काही कालांतराने जुन्या गाड्यांच्या बाजारात येतात. परराज्यातून गाडी घेणाऱ्या गोमंतकीय ग्राहकाने, गाडी हैदराबादची असो वा अन्य कोणत्याही पूरग्रस्त शहराची, दारांकडे बारकाईने पाहावे ते यासाठी.

कुलपाची रचना

दोष शोधण्यापूर्वी रचना समजून घ्यावी. दाराच्या कडेला असलेला लॅच चौकटीवरील लोखंडी आकड्याला पकडतो. हे काम निव्वळ यांत्रिक असते. बाहेरची मूठ, आतली मूठ आणि किल्लीचे छिद्र हे तिन्ही बारीक सळ्यांनी किंवा केबलने लॅचला जोडलेले असतात. सेंट्रल लॉकिंग असलेल्या गाडीत याला एक छोटी विजेची मोटार जोडलेली असते. तिला ॲक्च्युएटर म्हणतात. तिच्या दोन तारांतून वीज एका दिशेने वाहिली की कुलूप लागते, उलट दिशेने वाहिली की उघडते. तिच्या आतील दाते बहुधा प्लास्टिकचे असतात आणि वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतात.

या मोटारींना हुकूम देणारे यंत्र म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. चालकाच्या दारावरील बटण, रिमोट आणि दार उघडे आहे की बंद हे सांगणारा स्विच, या तिघांकडून त्याला सूचना मिळतात. मॉड्यूलकडून दारापर्यंत जाणाऱ्या तारा बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात.

रिमोटची कथा तुलनेने अलीकडची आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील रेनो कंपनीच्या फ्युएगो या मोटारीत दुरून दार उघडणारी किल्ली आली आणि पुढे ती जगभर रुळली. आजचे बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर चालतात. चांगल्या रिमोटचा संकेत दर दाबण्यागणिक बदलतो. याला रोलिंग कोड म्हणतात. हवेतून एकदा पकडलेला संकेत पुन्हा वापरता येऊ नये, हा त्यामागील हेतू.

किल्लीत आणखी एक चिप असते, ती इमोबिलायझरची. या चिपला सेल लागत नाही. इग्निशनजवळच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि तिने दिलेली ओळख पटली तरच इंजिन सुरू होते. म्हणजे दार उघडणे आणि इंजिन सुरू होणे या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक चालली म्हणून दुसरी ठीक आहे, असे समजू नये.

पहिली पाहणी

दोष शोधताना सुटे भाग बदलण्याची घाई करू नये. आधी दोषाची सीमा ठरवावी. त्यासाठी प्रत्येक दार चार प्रकारे उघडून आणि बंद करून पाहावे : रिमोटने, चालकाच्या बटणाने, किल्लीने आणि आतल्या मुठीने. निष्कर्ष कागदावर लिहून ठेवावेत. त्यांतून पुढील चित्र स्पष्ट होते.

• बटणाने सर्व दारे चालतात, रिमोटने एकही नाही : दोष रिमोटमध्ये, त्याच्या सेलमध्ये किंवा गाडीतील ग्राहक यंत्रात.

• बटणानेही नाही आणि रिमोटनेही नाही : फ्यूज, बॅटरी, मॉड्यूल किंवा मुख्य वायरिंग.

• रिमोटने चालते, बटणाने नाही : बटण किंवा त्याची तार.

• एकच दार अडते : त्याच दाराचा ॲक्च्युएटर, सळी, लॅच किंवा तार.

• कुलूप लागते आणि लगेच उघडते : एखादे दार उघडे असल्याची खोटी सूचना, चालकाच्या दाराचे सदोष लॉक किंवा गाडीत राहिलेली स्मार्ट किल्ली.

• किल्लीने दार उघडते, पण इंजिन सुरू होत नाही आणि किल्लीचा दिवा लुकलुकतो : इमोबिलायझरला ओळख पटलेली नाही.

एवढी पाहणी दहा मिनिटांत होते. ती न करता थेट मॉड्यूल बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोष नसलेले दोष

जुन्या गाडीच्या नव्या मालकाला काही गोष्टी बिघाड वाटतात, पण त्या गाडीच्या स्वभावाचा भाग असतात. मागचे दार बाहेरून उघडते आणि आतून उघडत नाही, अशी तक्रार वारंवार येते. अशा वेळी दाराच्या कडेला, लॅचजवळ असलेला चाइल्ड लॉकचा लहान खटका आधी पाहावा. आधीच्या मालकाने मुलांसाठी तो लावलेला असतो आणि पुढे विसरलेला असतो.

रिमोटने दार उघडले, पण कोणी आत बसले नाही, तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास बऱ्याच गाड्या स्वतःहून पुन्हा कुलूप लावतात. ठरावीक वेग गाठताच दारे आपोआप बंद होणे हेही अनेक मॉडेलांत अभिप्रेत आहे. काही गाड्यांत रिमोटचे बटण एकदा दाबले तर केवळ चालकाचे दार उघडते आणि दुसऱ्यांदा दाबले की बाकीची उघडतात. गाडीची पुस्तिका हाती नसेल तर ती बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळते. दुरुस्तीपूर्वी ती चाळावी.

रिमोट आणि त्याचा सेल

रिमोटची पोच कमी होणे हे सेल संपत आल्याचे पहिले लक्षण. आधी दहा-पंधरा पावलांवरून उघडणारी गाडी आता दाराशी उभे राहूनच उघडते. बहुतेक किल्ल्यांत तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. सीआर २०३२, २०२५, १६३२ आणि १६२० हे प्रकार सर्रास आढळतात. शेवटचे दोन अंक सेलची जाडी सांगतात, म्हणून जवळपासच्या आकाराचा सेल दाबून बसवू नये. त्याने पत्रे वाकतात आणि दोष कायमचा होतो. नवा सेल बसवताना बोटांचा घाम पृष्ठभागाला लागू देऊ नये आणि धनबाजू पाहूनच बसवावा.

सेल बदलूनही रिमोट मुका असेल तर आतील पट्टी तपासावी. घामाने आणि दमट हवेने तिच्यावर हिरवट थर साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने तो निघतो. बटणाखालील स्विच सैल झाला असेल तर मोबाइल दुरुस्त करणारा कारागीरही तो नव्याने जोडून देऊ शकतो. या सर्व कामात किल्लीतील इमोबिलायझरची बारीक चिप हरवणार नाही याची काळजी घ्यावी. काही किल्ल्यांत ती सुटी असते आणि कवच बदलताना जुन्या कवचातच राहून जाते. परिणामी दार उघडते, पण गाडी सुरू होत नाही.

दुसरी चालू किल्ली उपलब्ध असेल तर निदान सोपे होते. दुसरीने सर्व ठीक चालले तर दोष पहिल्या किल्लीत आहे, गाडीत नाही.

एकच दार अडते तेव्हा

अडलेल्या दारावर हात ठेवून बटण दाबावे आणि आतला आवाज ऐकावा. मोटार फिरल्याचा आवाज येतो, पण कुलूप हलत नाही, तर दाते झिजले आहेत किंवा सळीची प्लास्टिक क्लिप निसटली आहे. क्लिपची किंमत नगण्य असते. ती पाहण्यापूर्वी पूर्ण लॉक बदलणे हा अनावश्यक खर्च. आवाज क्षीण असेल तर मोटारीला पुरेशी वीज मिळत नाही किंवा लॅच घट्ट झाला आहे. अजिबात आवाज नसेल तर तारेचा संशय घ्यावा.

तारेची एक सोपी परीक्षा आहे. दार हळूहळू उघडत आणि मिटवत असताना दुसऱ्याने बटण दाबत राहावे. एका ठरावीक कोनात कुलूप चालते आणि दुसऱ्या कोनात बंद पडते, असे दिसले तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तार तुटली आहे. हजारो वेळा वाकल्याने ती वरून अखंड दिसते आणि आत तुटलेली असते. त्याच दाराची काच किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल तर हे निदान जवळजवळ निश्चित. तुटलेल्या जागी निव्वळ पिळून टेप गुंडाळू नये. थोडी अधिक लांबीची तार घालून सोल्डर केलेला सांधा नळीबाहेर, न वाकणाऱ्या जागी घ्यावा.

दारावरील पॅड काढण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवणे श्रेयस्कर. अनेक नव्या गाड्यांत दाराच्या आत किंवा आसपास एअरबॅगचे संवेदक असतात. काम झाल्यावर पॅडमागील प्लास्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवावा. तो फाटका ठेवला तर पावसाचे पाणी थेट गाडीत येते.

सर्व दारे अडतात तेव्हा

येथे आरंभ बॅटरीपासून करावा. विश्रांत अवस्थेत चांगल्या बॅटरीचा दाब साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट असतो. तो १२ च्या खाली घसरला की सेंट्रल लॉक चमत्कारिक वागू लागते. काही दारे लागतात, काही लागत नाहीत, रिमोट एकदा चालतो आणि एकदा नाही. त्यानंतर फ्यूज पाहावा. झाकणावरील नकाशात कुलपाचा फ्यूज दाखवलेला असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तोही लगेच जळाला तर कुठेतरी तार शरीराला टेकली आहे. मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालून पाहणे म्हणजे आगीला आमंत्रण.

दार बंद असूनही छतावरचा दिवा जळत राहतो आणि पटावर ‘दार उघडे’ असे चिन्ह दिसते, हा जुन्या गाड्यांतील नेहमीचा दोष. दार उघडे आहे अशी समजूत झाल्यामुळे गाडी कुलूप नाकारते. दिवा जळत राहिल्याने रात्रीत बॅटरी उतरते आणि मालक नवी बॅटरी घेतो. खरा दोष चौकटीवरच्या किंवा लॅचमधल्या लहानशा स्विचमध्ये असतो. बऱ्याचदा साफसफाईनेच तो सुधारतो.

हे सर्व ठीक असेल तरच मॉड्यूलकडे वळावे आणि तेही स्कॅनर लावून. स्कॅनरवर प्रत्येक स्विचची सूचना मॉड्यूलपर्यंत पोहोचते की नाही, हे प्रत्यक्ष दिसते.

पाण्याची खूण

पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, आसनांची कापडे बदलली जातात, सुगंधी फवाराही मारला जातो. दारांच्या पोटातील गाळ मात्र सहसा कोणी काढत नाही. म्हणून एकाच गाडीत दोन-तीन दारांची कुलपे, काचा आणि स्पीकर यांत एकाच वेळी बिघाड आढळला तर तो योगायोग समजू नये.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पॅडच्या खालच्या स्क्रूंवर गंज आहे का? वायरच्या कनेक्टरमध्ये हिरवट पूड आहे का? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते का? आसनाखालील रुळांचे बोल्ट गंजले आहेत का? सतरंजी उचलल्यावर कुबट वास येतो का? अनेक मॉडेलांत मॉड्यूल आणि फ्यूजपेटी डॅशबोर्डखाली, पायांच्या उंचीच्या जवळ असते. तेथवर पाणी पोहोचले असेल तर आज चाललेले कुलूप सहा महिन्यांनी चालेलच असे नाही. विम्याच्या जुन्या दाव्यांचा तपशील आणि अधिकृत सेवा केंद्रातील दुरुस्तीची नोंद विक्रेत्याकडून मागावी. ती देण्यास टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे.

नंतर बसवलेले सेंट्रल लॉक

जुन्या, कमी किमतीच्या मोटारींत कारखान्यातून सेंट्रल लॉक येत नसे. मालकांनी ते बाजारातून बसवून घेतले. अशा संचात चालकाच्या दाराला पाच तारांची मुख्य मोटार आणि इतर दारांना दोन तारांच्या दुय्यम मोटारी असतात. मुख्य मोटारीच्या पाच तारांपैकी तीन स्विचच्या असतात. त्या स्विचवरूनच बाकीच्या दारांना हुकूम जातो. म्हणून चालकाच्या दाराची मोटार बिघडली की सर्व दारे बिघडल्यासारखी दिसतात. तेथे दोन तारांची मोटार लावून दिली तर रिमोटने सर्व चालेल, पण किल्लीने केवळ एकच दार उघडेल.

या संचांचा दुसरा दोष सुरक्षेचा आहे. काही स्वस्त रिमोट नेहमी एकच संकेत पाठवतात. तो नक्कल करणाऱ्या रिमोटमध्ये काही क्षणांत उतरवता येतो. गाडीसोबत असा संच आला असेल तर रोलिंग कोड असलेला नवा संच बसवणे हिताचे.

सुटे भाग घेताना

अफझलगंजच्या परिसरात किंवा अन्य कोणत्याही बाजारात लॉक घ्यायला जाताना जुने लॉक सोबत न्यावे. डावे-उजवे, पुढचे-मागचे असा फरक असतोच, शिवाय एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत कनेक्टरच्या पिना वेगळ्या असू शकतात. भागावर छापलेला क्रमांक जुळवून पाहावा. भंगारातील लॉक घ्यायचे असेल तर दुकानातच बारा व्होल्टवर मोटार चालवून पाहावी आणि हाताने लॅच मिटवून मुठीने तो सुटतो का हे तपासावे.

मॉड्यूल आणि स्मार्ट किल्ली यांबाबत मात्र वेगळा विचार करावा. हे भाग गाडीच्या ओळखीशी बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीतील मॉड्यूल जोडले म्हणजे ते चालेलच असे नाही. जुनी स्मार्ट किल्ली अनेक मॉडेलांत पुन्हा नोंदवता येत नाही. ‘जोडून देऊ’ असे आश्वासन मिळाले तर पैसे जोडणी यशस्वी झाल्यावरच द्यावेत.

किल्ल्या किती, कोणाकडे

नव्या गाडीसोबत साधारणतः दोन किल्ल्या मिळतात आणि अनेक कंपन्या किल्लीचा क्रमांक असलेली लहान पट्टीही देतात. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागाव्यात. एकच मिळाली तर दुसरी कोणाकडे आहे, हा प्रश्न उरतो. मधल्या काळात गाडी दलाल, चालक, धुलाई केंद्र आणि गॅरेज अशा अनेक हातांतून गेलेली असते.

यावर उपाय आहे. सेवा केंद्रात किंवा जाणकार कारागिराकडून गाडीच्या स्मृतीतील सर्व किल्ल्या पुसून फक्त हाती असलेल्या पुन्हा नोंदवाव्यात. त्याने हरवलेल्या किल्लीने इंजिन सुरू होणार नाही. मात्र तिच्या पात्याने दार उघडतेच. तेही थांबवायचे असेल तर कुलपाचे सिलिंडर बदलावे लागते. विक्रीच्या करारात ‘किल्ल्या इतक्या दिल्या’ अशी नोंद करून घ्यावी. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दाव्याच्या वेळी मूळ किल्ल्या मागते. तेव्हा ही नोंद कामी येते.

किल्ली बनवून घेताना वाहनाचे नोंदणीपत्र आणि ओळखपत्र मागणारा कारागीर विश्वासार्ह समजावा. कागद न पाहता किल्ली देणारा उद्या तीच दुसऱ्यालाही देईल.

स्मार्ट किल्ली आणि नवी चोरी

खिशात किल्ली असली की मुठीवरचे बटण दाबताच दार उघडते, ती स्मार्ट किल्ली. येथे गाडी कमी पल्ल्याच्या लहरींनी किल्लीला साद घालते आणि किल्ली रेडिओलहरींनी उत्तर देते. चोर एक यंत्र घराच्या दाराशी आणि दुसरे गाडीपाशी धरून ही साद-प्रतिसाद दूरवर पोहोचवतात आणि किल्ली घरात असतानाच गाडी उघडतात. याला रिले चोरी म्हणतात. उपाय साधा आहे. रात्री किल्ली धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डबा उपयोगी आहे की नाही हे तपासण्यासाठी किल्ली आत ठेवून डबा गाडीजवळ न्यावा. दार उघडले तर डबा निरुपयोगी. रिमोटच्या लहरी अडवून कुलूप लागूच न देण्याचाही प्रकार घडतो, म्हणून बटण दाबल्यावर मूठ ओढून पाहण्याची सवय ठेवावी.

स्मार्ट किल्लीचा सेल वाटेत संपला तर गाडी तेथेच सोडण्याची गरज नाही. किल्लीच्या पोटात लोखंडी पाते असते आणि चालकाच्या मुठीजवळ, काही मॉडेलांत झाकणाखाली, छिद्र असते. दार उघडल्यावर किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या जागी ठेवून बटण दाबले की बहुतेक गाड्या सुरू होतात. जुनी गाडी घेताना हे पाते आणि छिद्र प्रत्यक्ष वापरून पाहावे. वर्षानुवर्षे न वापरलेले सिलिंडर आत गंजलेले असते आणि ते नेमके अडचणीच्या वेळी कळते.

आत अडकलेला माणूस

कुलपाच्या दोषाची सर्वांत मोठी किंमत आत असलेला माणूस मोजतो. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादलगतच्या रंगारेड्डी जिल्ह्यात चेवेळ्याजवळच्या एका गावी उभ्या मोटारीत अडकून दोन लहान मुलींचा गुदमरून मृत्यू झाला. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने वाढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. घरासमोर उभी गाडीही म्हणूनच कायम कुलूपबंद असावी आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत.

देशात तयार होणाऱ्या मोटारींसाठी १ जुलै २०१९ पासून काही सुरक्षा साधने अनिवार्य झाली. त्यांत वीजपुरवठा तुटला तरी सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय हीदेखील आहे. त्याआधीच्या गाडीत ही सोय आहे की नाही, असल्यास ती चालते का, हे घेणाऱ्याने स्वतः पाहावे. बॅटरीची तार सोडवून, दारे मिटवून आत बसावे आणि चारही दारे आतून उघडून पाहावीत. बाहेर एक माणूस किल्ली घेऊन उभा असावा. या चाचणीत नापास झालेले दार इतर सर्व दुरुस्त्यांआधी दुरुस्त करावे.

मूल गाडीत अडकले आणि दार तत्काळ उघडत नसेल तर ११२ वर कळवावे आणि मुलापासून सर्वांत दूरची बाजूची काच कोपऱ्यावर आघात करून फोडावी. समोरची काच दुपदरी असल्याने फुटून पडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नये. गाडीभोवती पाणी चढू लागले तर वीज असेपर्यंतच कुलपे उघडून काचा खाली कराव्यात. पाण्याच्या दाबाने दार उघडेनासे होते.

गोव्याच्या हवेतील निगा

गोव्यात गाडीला दोन शत्रू : चार महिन्यांचा पाऊस आणि समुद्रावरची खारी हवा. कोरड्या हवेतून आलेली गाडी येथे पहिल्याच पावसाळ्यात दोष दाखवू लागते. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणे स्वाभाविक आहे. ते बाहेर जाण्यासाठी दाराच्या तळाला छिद्रे असतात. पालापाचोळ्याने ती बुजली की पाणी आत तुंबते. मृगापूर्वी माडाच्या हिराने ती मोकळी करावीत.

किल्लीच्या छिद्रात खोबरेल तेल सोडण्याची सवय घातक आहे. तेलाला धूळ चिकटते आणि पिना जाम होतात. तेथे कोरडी ग्रॅफाइट पूड वापरावी. लॅचवर मात्र वर्षातून एकदा जुने वंगण पुसून पांढरे लिथियम ग्रीस लावावे. रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचा फवारा पुरे.

जुन्या गाडीचा व्यवहार पक्का करण्यापूर्वीचा क्रम म्हणूनच असा असावा : प्रथम चारही दारे विजेविना आतून उघडतात का ते पाहावे, मग किल्ल्या मोजाव्यात, मग दारांच्या पोटात पाण्याची खूण शोधावी आणि सर्वांत शेवटी रिमोटचा सेल बदलून पाहावा. विक्रेता बहुधा हाच क्रम उलटा सांगतो.